विकायला नव्हती ती लांब गाडी

जुन्या गाड्या विकणाऱ्या माणसाच्या शब्दावर पुण्यात कोणी विश्वास ठेवत नाही, आणि ठेवूही नये. हे मी सांगतोय, म्हणजे ज्याने कोथरूडात अडतीस वर्षं जुन्या गाड्याच विकल्या त्याने. दुकान आता माझी मुलगी नसरीन बघते. मी सकाळी अकराला जातो, पेपर वाचतो, गिऱ्हाइकाला नको तेवढं खरं सांगतो, तिची बोलणी खातो आणि दीडला जेवायला घरी येतो. दिवाळी अंकासाठी धंद्यातले अनुभव लिहून द्या असा निरोप आला तेव्हा ती म्हणाली, "लिहा अब्बा, पण लोकांच्या नंबरप्लेट बदला." म्हणून इथे माणसांची नावं बदलली आहेत. गाड्यांची तर घेतच नाही.

आमचा धंदा लोकांना वाटतो तेवढा चोरीचा नाही आणि आम्ही सांगतो तेवढा सोवळाही नाही. गाडी किती चालली हे काट्यावर बघू नका, काटा मागे फिरवणारे कलाकार पूर्वी गल्लोगल्ली होते. क्लचच्या पेडलवरचं रबर बघा. मालक म्हणतो, "फक्त भाजी आणायला वापरली," आणि रबर इतकं गुळगुळीत की बहुधा भाजी नाशिकहून आणत असावा. दार लावून आवाज ऐका. बॉनेटचे स्क्रू बघा, त्यांचा रंग उडालेला असेल तर कोणीतरी ते खोललेले आहेत. एवढं कळलं तरी आमच्यासारख्यांची निम्मी वाट लागते.

सदाशिव पेठेतले एक गृहस्थ तर धोतराच्या कनवटीला लोहचुंबक लावून आले होते. तासभर ते गाडीभर चुंबक चिकटवत फिरले. एका दारावर ते खाली पडलं तसे त्यांचे डोळे चमकले. "इथे पत्रा नाही. पुट्टी भरली आहे." मी म्हटलं, "हो, आहे." "मग आधी का नाही बोललात?" "तुम्ही घरून चुंबक आणलंय म्हटल्यावर तुमची मजा कशाला घालवू?" त्यांनी ती गाडी घेतली. पुढे त्यांच्या दोन्ही जावयांनी माझ्याचकडून घेतल्या, आणि दोन्ही वेळा चुंबक बरोबर होतंच.

माझे स्वतःचे दोन नियम होते. पहिला, गाडी तयार केल्याशिवाय फाटकाबाहेर सोडायची नाही. तयार करणं म्हणजे पायपुसण्याखालची धूळसुद्धा काढणं, काचा, चाकं, सीटा, सगळं. आणि द्यायची ती मुहूर्तावर. मी तांबोळी, आमची पाचवी पिढी पुण्यात, पण पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा आणि रोजचा राहुकाळ मला गिऱ्हाइकापेक्षा आधी पाठ. हार, नारळ, पेढ्याचा पुडा आमच्याकडून. गाडी दहा वर्षांची असेल, पण त्या घरात ती नवीच असते. हार घातलेल्या गाडीजवळ उभ्या राहिलेल्या माणसाचा चेहरा बघायला मिळतो म्हणून तर मी या धंद्यात टिकलो.

दुसरा नियम असा, की जी गाडी विकायची नाही ती दाखवायची नाही. या दोन नियमांनी मिळून माझ्या हातून एक गोष्ट झाली. तीच लिहायची आहे. बाकीचं नुसतं इंजिन तापवणं चाललं होतं.

चार वर्षांपूर्वी गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी इनामदार दुकानात आले. सत्तरीच्या पुढचे, बारीक, इस्त्रीचा बुशशर्ट. एका कारखान्यात आरेखक होते, म्हणजे यंत्रांचे नकाशे काढायचे. नमस्कार-चमत्कार काही नाही. खिशातून टेप काढली आणि रांगेतल्या पहिल्या गाडीची डिकी उघडून आतून माप घ्यायला लागले. चौथ्या गाडीपर्यंत मी गप्प बसलो.

"साहेब, काय भरायचंय आत?"

"बायको," ते म्हणाले.

मग खुर्चीवर बसून त्यांनी सांगितलं, सगळं मोजून-मापून. पत्नीच्या मणक्याचं दुखणं. पाच मिनिटांच्या वर बसता येत नाही. आडवं असलं की काही त्रास नाही, डोकं तर तुमच्या-माझ्यापेक्षा तल्लख. दोन वर्षं त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या, दवाखाना सोडून, आणि तोही ॲम्ब्युलन्समधून.

"फिरायला ॲम्ब्युलन्स बोलवू म्हटलं, तर म्हणते, मी फिरायला निघाले की मरायला ते आधी ठरवा."

"व्हॅन बघितली का?"

"नेऊन बघितलं. प्रत्येक खड्डा थेट मणक्यात. आणि त्या मोठ्या जीपसारख्या गाड्यांत चढवायला चार माणसं लागतात. मला लांब गाडी हवी आहे. पूर्वी यायची ती. पाठीमागे टपाखाली सगळी मोकळी."

मला कळलं. पुढून नेहमीची मोटार, पण मागे डिकीचा डबा नाही, टप शेवटपर्यंत जातो, मागचं दार वर उघडतं. मागच्या सीटा पाडल्या की सहा फुटांचा सपाट ओटा तयार होतो. जमिनीपासून बुटकी, त्यामुळे गादीवरच्या माणसाला दोघं जण सहज आत सरकवू शकतात, आणि चालते मोटारीसारखी मऊ. परदेशात अशा गाड्यांना फार मान आहे म्हणतात. आपल्याकडे लोक बघायचे आणि म्हणायचे, "शववाहिनी वाटते हो." झालं. कंपन्यांनी आणल्या आणि गुपचूप परत नेल्या.

"कुठे न्यायचंय वहिनींना?" मी सहज विचारलं.

"ती उद्यान खात्यात होती. आमच्यापासून चार-पाच चौक पलीकडच्या रस्त्याला तिने बहाव्याची बेचाळीस झाडं लावून घेतली होती. तीस वर्षं होतील. एप्रिल संपता संपता फुलतात. तिला एकदा ती फुललेली बघायची आहेत." टेपची पट्टी त्यांनी आत सोडली. "गेल्या वर्षी जमलं नाही. पुढच्या वर्षीचं डॉक्टर काही बोलत नाहीत."

तशी गाडी माझ्याकडे होती. आम्ही बसलो होतो तिथून पन्नास पावलांवर, मागच्या शेडमध्ये, राखाडी कव्हराखाली. पुण्यात त्या जातीची तेवढी बरी गाडी दुसरी नसेल.

मी म्हटलं, "नाही हो साहेब. मिळणं कठीण आहे. शोधतो."

आता हे का केलं ते सांगायला हवं. ती गाडी माझ्या बायकोची, झुबेदाची. दुकानात आली आणि दोन वर्षं कोणी हात लावला नाही. आमच्यात तिला सगळे पाहुणी म्हणायचे, आली ती जायचं नावच घेईना. झुबेदा एकदा डबा घेऊन आली, गाडीला एक फेरी मारली आणि म्हणाली, "कोणी घेत नाही ना? मग मला द्या." मी म्हटलं, धंद्यात गाडीवर जीव लावू नये. ती म्हणाली, "तुम्ही नका लावू. मी लावते." शाळेचे गणवेश शिवायचा तिचा उद्योग होता, गठ्ठे त्यातून जायचे. सुटीत आम्ही तिच्या माहेरी, कराडला जायचो. शिवणाने तिची पाठ गेली होती, मग ती मागे गोधड्या टाकून आडवी व्हायची आणि मी चालवायचो. वाटेत खंबाटकीला चहा. अशी वर्षानुवर्षं गेली आणि मला वाटायचं ही काय मोठी गोष्ट आहे, नवरा-बायको माहेरी चाललीत.

झुबेदा गेली त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. गाडी मी शेडमध्ये लावली, कव्हर घातलं. जुम्म्याची नमाज झाली की मी शेडमध्ये जायचो, कव्हराचा कोपरा उचलून पुढच्या सीटवर बसायचो, दहा-पंधरा मिनिटं. नसरीनला ठाऊक होतं, पण ती विचारायची नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या त्यांच्या हातातून सोडवून घेतल्या, एक मला सोडवत नव्हती. दुसऱ्या कोणाची बायको त्यात झोपणार हा विचारसुद्धा मला सहन होईना. खोटं कशाला बोलू?

मग मी शोधण्याचं नाटक सुरू केलं. आमच्या धंद्यात हे सगळ्यांना येतं. गिऱ्हाइकाला दोन-तीन टाकाऊ गाड्या दाखवायच्या, म्हणजे ते तरी दमतं किंवा मिळेल ते घेतं. इनामदार दमावेत एवढीच माझी इच्छा होती.

वाघोलीला बबनराव म्हणून ओळखीचे आहेत. जमिनीचे प्लॉट झाले तरी दावणीला दोन म्हशी ठेवून आहेत. त्यांच्याकडे तशी एक लांब गाडी पडून आहे हे मला माहीत होतं, आणि ती कशी आहे हेही माहीत होतं. तरी इनामदारांना घेऊन भर उन्हात गेलो.

"हाय की गाडी!" बबनराव म्हणाले. "लय गुणाची हाय. आजवर कधी दगा दिला नाय."

"चालू होते का?" इनामदारांनी विचारलं.

"चालू नाय होत. पर दगा नाय दिला."

मागचं दार उघडलं तर आत कडबा, आणि कडब्यावर एक कोंबडी अंड्यावर बसलेली. तळाचा पत्रा गंजून खालची जमीन दिसत होती. इनामदारांनी कोंबडीला जरा बाजूला व्हा म्हटलं, अगदी अहो-जाहो करून, आणि कडब्यातून टेप सरकवून माप घेतलं. वहीत लिहिलं. मला वाटलं, आता हे गृहस्थ नाद सोडतील.

परत येताना ते म्हणाले, "तांबोळी, तुम्ही माझ्यासाठी बरीच तसदी घेताय." मी रस्त्यावरून नजर हलवली नाही. असे आणखी दोन फेरे मी त्यांना मारायला लावले, एक लोणी काळभोरला आणि एक भोसरीला. तीन आठवडे असेच गेले.

एक दिवस दुकानात फोन आला. "तांबोळी का? मी शालिनी इनामदार. ज्यांना डिकीत घालायचंय त्या."

मी उठून उभाच राहिलो. "बोला वहिनी."

"कामवाल्या मावशी म्हणतात झाडं पिवळी व्हायला लागली आहेत. आता त्यांच्यावर किती विसंबू? त्यांना गुलमोहर आणि पांगाऱ्यातला फरक कळत नाही. तुमच्या शोधाचं कुठवर आलंय ते विचारायला फोन केला. घाई नाही."

मी विचारलं, "वहिनी, तुमच्या पलंगावरून काय दिसतं हो?"

"पार्किंग. तळमजला आहे आमचा. तीन स्कूटर आणि एक सायकल. सायकलीच्या पुढच्या चाकात हवा नाही. दोन वर्षं झाली, कोणी भरत नाही. येताजाता सांगते मी खिडकीतून, लोकांना वाटतं म्हातारी चळली."

फोन ठेवला आणि मी शेडमध्ये गेलो. त्या दिवशी शुक्रवार नव्हता. कव्हर ओढून काढलं. नसरीन मागून आली, "अम्मीची देताय?" मी म्हटलं, "विकत नाही. मी स्वतः चालवणार. पण त्यांना नेणार." ती आत वळली. थोड्या वेळाने बादली आणि फडकं घेऊन आली.

इथपर्यंत ठीक होतं. इथेच मी दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी घेऊन गेलो असतो, तर हे सगळं लिहायची वेळ आली नसती. बॅटरी उतरली होती, ब्रेक बघायला हवे होते, चाकांत हवा. त्याला दोन दिवस पुरे होते, आणि दोन दिवसांत ते झालंही. पण मी पडलो गाडी तयार करणारा. अडतीस वर्षांची सवय! मागचा गालिचा बदलायला घेतला. शॉक-ॲब्सॉर्बर नवे घातले, ते एक बरं केलं. बाहेरून पॉलिश. आणि काचा. माझ्या मनात आलं, आजारी बाईमाणूस आडवं पडून जाणार, सिग्नलला लोक वाकून बघणार, बरं दिसत नाही. म्हणून मागच्या तिन्ही बाजूंच्या काचांना आतून पांढरा दुधी कागद लावून घेतला. काम इतकं सुबक झालं की मी दोन पावलं मागे जाऊन बघतच राहिलो.

वर अक्षय्य तृतीया आठ दिवसांवर आली होती. मी इनामदारांना फोन केला, "साहेब, गाडी मिळाली. तृतीयेला सकाळी आणतो."

"जशी आहे तशी आणलीत तरी चालेल," ते म्हणाले.

मागून वहिनींचा आवाज आला, "त्यांना सांगा हार नको, नारळ नको. मला फक्त आडवं व्हायचंय."

मी म्हटलं, "वहिनींना म्हणावं, एवढं तर मला करू द्या. चांगला दिवस आहे." ते म्हणाले, "बरं. तुमची मर्जी."

तृतीयेला सकाळी सातला मी त्यांच्या सोसायटीत गेलो. गाडी आरशासारखी. पुढे झेंडूचा हार. नारळ इनामदारांनी फोडला, पाणी माझ्या बुटावर उडालं, दोघंही हसलो. मग गादीसकट वहिनींना बाहेर आणलं. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होतो. गोऱ्या, किडकिडीत, केस पांढरे पण वेणी घट्ट घातलेली, आणि कपाळावर मोठं कुंकू. आम्ही दोघांनी गादी सरकवली, ती इतकी बरोबर बसली की इनामदारांनी नुसती मान हलवली. दार लावलं. मी पुढे बसलो, किल्ली फिरवली.

"अहो तांबोळी," मागून आवाज आला, "बाहेर काय आहे?"

"पार्किंग, वहिनी."

"असेल. मला पांढरं दिसतंय. ॲम्ब्युलन्सच केलीत की हो."

दोन वर्षांनी बघायला निघालेल्या बाईच्या डोळ्यांपुढे मी स्वतःच्या हाताने, खपून, भिंत उभी केली होती. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. इनामदार घरातून केस वाळवायचं यंत्र आणि लांबलचक वायर घेऊन आले. ते कागदावर गरम हवा सोडत होते, मी नखांनी सोलत होतो, आणि वहिनी आतून सूचना देत होत्या. "डावीकडचा कोपरा राहिला. अहो, ओरबाडू नका, सावकाश ओढा, म्हणजे सलग निघतो." अर्धा-पाऊण तास गेला. हाराची झेंडूची फुलं तोवर उन्हाने मलूल झाली.

मग इनामदार माझ्या शेजारी बसले आणि निघालो. तुम्ही कधी आडवं पडून पुणं बघितलंय का? मी नाही. पण त्या दिवशी त्यांच्या तोंडून बघितलं. "बाल्कन्यांना खालून कोणी रंगच देत नाही वाटतं. तिसऱ्या मजल्यावर कोणाची तरी चादर वाळत्येय, चांगली आहे. हा रेन ट्री. हा सोनमोहर. हा कडुनिंब आजारी आहे, कोणीतरी बुंध्याला सिमेंट लावलेलं असणार, बघा बरं." मी बघितलं, खरंच सिमेंट होतं. त्या हसल्या. आरशात त्या दिसत नव्हत्या, आडव्या होत्या ना. नुसता आवाज येत होता, अगदी कानामागून.

"जरा हळू चालवा हो," त्या म्हणाल्या.

झुबेदा अगदी हेच म्हणायची. कात्रज चढताना, खंबाटकी उतरताना, आणि कधी कधी सपाट रस्त्यावरही, उगीचच, मी आहे मागे हे सांगायला. दोन वर्षं शेडमध्ये बसून मी ज्या आवाजाची वाट बघत होतो, तो त्या जागेवरून आला, दुसऱ्या बाईच्या तोंडून का होईना. माझे डोळे भरले. मी गाडी हळू केली. मला तिची आठवण येते, फार येते, आणि ते सांगायची मला आता लाज वाटत नाही.

यानंतर पावसाळ्यापर्यंत आम्ही आठवड्यातून एकदा तरी निघायचो. खडकवासल्याला जाऊन आलो, विद्यापीठाच्या झाडीत जाऊन आलो. दिवाळीनंतर वहिनी गेल्या. गाडी आजही माझ्याकडे आहे आणि आता तिच्यावर कव्हर नसतं, कोणाला असं न्यायचं असेल तर मी नेतो. पण सांगायचं राहिलंय ते पहिल्याच फेरीचं. बहाव्याच्या रस्त्याचं.

त्या रस्त्याला वळलो आणि मला आधी कळेना काय चुकलंय. ऊन फार होतं. सकाळची वेळ असून रस्ता सगळा उन्हात. मग दिसलं. दोन्ही कडांना ओळीने बुंधे, गुडघ्याएवढे, कापलेले, लाल, अजून ओले. रस्ता रुंद करायला घेतला होता. झाडांना महिनाभर आधी नोटिसा चिकटवल्या होत्या म्हणे, पण नोटीस वाचायला कोण थांबतं? इनामदारांचं तिकडे जाणं नव्हतं, त्यांचा दूधवाला आणि औषधाचं दुकान दुसऱ्या बाजूला. मावशी जत्रेसाठी गावी गेलेल्या. आणि मी आठवडाभर गालिचा लावत होतो. धुळीत कडेकडेने पिवळ्या पाकळ्यांचा चुरा पडला होता. म्हणजे झाडं फुललेली होती.

इनामदारांनी समोरचा डॅशबोर्ड घट्ट धरला.

"आला का हो रस्ता?" मागून.

मी गाडी थांबवली नाही. तसाच पुढे नेली, डावीकडे वळलो, पुन्हा डावीकडे. एका बंगल्याच्या आवारात बहावा आहे हे मला माहीत होतं. पूर्ण फुललेला, घोसच्या घोस लोंबत होते. मी त्याच्याखाली गाडी उभी केली. गिऱ्हाइकाला एक सांगून दुसरं दाखवायची सवय. दुसरं काय?

त्या बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "सुंदर आहे. पण हा माझा नाही. माझ्या झाडांची पहिली फांदी बसच्या टपाच्या वर असते, तशीच छाटून वाढवलीत मी. हा खालूनच फुटलाय." आणि मग, "कापली का?"

"हो," इनामदार म्हणाले.

"कधी?"

"दोन-तीन दिवस झाले असतील. बुंधे ओले आहेत."

दोन दिवसांचं काम मी आठ दिवस केलं होतं. त्याआधीचे तीन आठवडे तर निव्वळ खोटं. माझ्याने राहवेना. मागे न बघता मी म्हटलं, "वहिनी, ही गाडी माझ्या बायकोची आहे. ती गेली. गाडी पहिल्या दिवसापासून माझ्याच शेडमध्ये होती. मी साहेबांना मुद्दाम वाघोली-भोसरी फिरवलं. मी तेव्हाच दिली असती, तर तुम्हाला तुमची झाडं..." सत्तरीला आलेला माणूस मी, स्टेअरिंगवर डोकं टेकून रडलो.

"माहीत आहे आम्हाला," त्या म्हणाल्या.

मी वर बघितलं. इनामदार चष्मा पुसत होते. "पहिल्याच दिवशी शेड उघडी होती, तांबोळी," ते म्हणाले. "लांब गाडी कव्हराखाली लपते होय? तुमच्या मुलीला विचारलं मी जाताना, कोणाची आहे. तिने सांगितलं."

"ह्यांनी घरी येऊन मला सांगितलं," वहिनी म्हणाल्या, "गाडी आहे, पण त्या माणसाची अजून द्यायची तयारी झालेली नाही. मी म्हटलं, मग थांबू. बायको गेलेल्या माणसाला घाई करू नये. फोनवरसुद्धा मी तुम्हाला घाई नाही म्हटलं, आठवतंय का? थांबायचं आम्हीच ठरवलं होतं. झाडांचं तेव्हा कोणाला ठाऊक?"

तीस वर्षं वाढवलेली झाडं त्यांची गेली होती, आणि समजूत त्या माझी घालत होत्या. मी तसाच बसून राहिलो. बंगल्याचा वॉचमन येऊन बघून गेला. बहाव्याच्या दोन-चार पाकळ्या पुढच्या काचेवर पडल्या.

"अहो तांबोळी," मागून आवाज आला, कोरडा, अस्सल पुणेरी. "मी हळू चालवा म्हणाले होते. थांबा नव्हते म्हणाले."